अँटेनावरची कोशाची चिंधी

रविवार, संध्याकाळ. आंधळगाव.

आज शेवटी माझ्या रिमोटवरच्या छोट्या विमानात नव्या रिमोटचा रिसीव्हर बसवला. जुना परदेशी रिमोट ज्या फ्रिक्वेन्सीवर चालते, तिले आपल्याकडं परवानगीच नाही, हे मित्राकडून कळल्यापासून करमत नव्हतं. नवा रिमोट कायदेशीर आहे. विमानही मस्त उडालं. तरी नजर सारखी रिमोटच्या वर जाऊन राहिली होती. जुन्याच्या लांब अँटेनाले सुनंदानं आपल्या हातमागावरची कोशाच्या रेशमाची चिंधी बांधली होती, वारा कळावा म्हणून. नव्याची अँटेना बोटाएवढी. चिंधी बांधू कुठं? जुना रिमोट चिंधीसकट कपाटात ठेवला.

घरी आलो तं सुनंदा म्हणे, "बंदी रिमोटवर हाय नं? मंग माही चिंधी कायले कपाटात कोंडली?"

बायकोले काय सांगू? चिंधी त्या अँटेनावरून सुटतच नाही माझ्यानं. त्या मित्राले सांगून आलो, जुना रिमोट बंद केला म्हणून. पण त्याची बॅटरी अजून आतच आहे.