महिला विभागातली तहान

अहमदनगर, ता. ५ मार्च १९४६

ति. बनुआत्या हिस,
कृपाचा सा. सलाम वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. मला नोकरी लागली आहे. इथल्या वाचनालयाने महिला विभाग नव्याने काढला. त्यावर बाईमाणूस हवे म्हणून माझी नेमणूक झाली. एक लांबट खोली, दोन कपाटे, एक बाक आणि माझे टेबल. पुरुषांची मोठी खोली रस्त्याकडे, आमचे दार मागच्या बोळात. बारापासून सातपर्यंत मी तिथे असते. आल्या आल्या पुस्तके झटकून काढली. धूळ इतकी की नाकातोंडाला रुमाल बांधावा लागतो. पुंजाराम शिपाई म्हणतो की, ताई, तुम्ही अगदी दरोडेखोर दिसता.

काम मला मनापासून आवडते, पण जिवाला स्वस्थता नाही. एक अडचण आहे. लिहू की नको अशा विचाराने टाक खाली ठेवला, पुन्हा उचलला. पुरुषांसाठी मागच्या अंगणात भिंतीचा आडोसा आहे, त्याला दार नाही. बायकांसाठी काहीच नाही. मी राहते ते बोर्डिंग लांब, मधेच जाऊन येता येत नाही. म्हणून सकाळचा चहा सोडला आहे आणि दिवसभर पाण्याला तोंड लावत नाही. होईल सवय.

देवळालीला दादांना कळवू नकोस. लेकीला घरी न्यायला त्यांना निमित्तच हवे आहे, आणि पीटर मास्तरांचे स्थळ त्यांनी हेरूनच ठेवले आहे.

तुझ्या मायेवर विसंबलेली,
कृपा

तिसगाव, ता. १२ मार्च १९४६

चि. कृपा हिस,
बनुआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता तव्यावरची भाकरी करपली. सवय होईल म्हणतेस? मी मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकले, निम्म्या तिसगावची बाळंतपणं केली. लघवी दाबून धरायची सवय झालेली बाई मला अजून भेटली नाही. त्यापायी आजारी पडलेल्या मात्र लई भेटल्या. इथं रानात राबणाऱ्या बायकांना निदान तुरीचा आडोसा तरी असतो. शहरात जाऊन तू त्यांच्याहून गरीब झालीस की गं.

तुझं नाव न घेता शेजारच्या साळूबाईला सांगितलं. ती म्हणाली, आमी घोडेगावच्या बाजाराला गेल्तो, तवा आमचंबी असंच हुतं, म्हशी आमच्यापरीस सुखी दिसल्या. दोघी खूप हसलो. मग चूल विझवताना मला तुझी आठवण आली आणि हसू कुठच्या कुठं गेलं.

पाणी पी. वाचनालयाच्या चिटणीसांना सांग, आणि आडून आडून नको, सरळ सांग. दादाला मी सांगत नाही. पण ताप आला आणि तू लपवलंस, तर तुझ्या बापाला घेऊनच तिथं येईन.

लोभ आहेच, सध्या राग त्याहून जास्त आहे.
बनुआत्या

अहमदनगर, ता. १४ एप्रिल १९४६

ति. बनुआत्या हिस,
कृपाचा सा. सलाम वि. वि.

चिटणीसांकडे गेले होते. बोर्डिंगपासून सगळी वाक्ये घोकत गेले, आणि समोर उभी राहिल्यावर माझी जरा गैरसोय होते, एवढेच तोंडातून निघाले. गृहस्थ भले आहेत. म्हणाले, हो हो, आलेच आहे माझ्या लक्षात. दुसऱ्या दिवशी पुंजाराम हातांची खुर्ची आणि वर मऊ उशी घेऊन हजर! आत्या, मी त्या उशीवर बसून रडले.

बोळाच्या टोकाला कडूबाई म्हणून भाजी विकणारी बाई राहते. तिने न सांगता ओळखले. म्हणाली, पोरी, माझ्या परसात येत जा, लाजू नगस. काही दिवस बरे गेले. मग सुनेची कुजबुज कानावर आली, की किरिस्तावाची बाई रोज घरातनं जाती, आता पाण्याचा हंडा ठेवायचा तरी कुठं. कडूबाई सुनेवर खेकसली, पण मी जाणे सोडले.

ऊन तापले आहे. जीभ टाळूला चिकटते. वाचताना ओळ सुटते, डोळे सारखे घड्याळाकडे जातात. काल एका शाळकरी मुलीवर उगाच ओरडले. दुपारी कणकण येते, कंबर भरून येते आणि लघवीला जाताना आग होते. लिहिताना मान खाली गेली, पण सरळ सांग असे तूच म्हणालीस.

तुझी वेडी,
कृपा

तिसगाव, ता. १८ एप्रिल १९४६

चि. कृपा हिस,
आशीर्वाद.

हे पत्र हातात पडताच लेडी डॉक्टरकडे जा. उद्यावर टाकू नकोस. तोवर जवाचं पाणी पी, पोटभर पी, नोकरी गेली खड्ड्यात. मी आत्ताच निघाले असते, पण इथल्या बन्सीच्या बायकोला आठवा लागलाय, अंगावरून जातंय आणि मूल आडवं आहे. तिला टाकून येता येत नाही. इथं हात कामात आणि जीव तुझ्याकडं.

खुर्चीबद्दल चिटणीसांना बोल लावू नकोस. तू कोडं घातलंस, त्यांनी आपल्या परीनं सोडवलं.

देव तुला सांभाळो,
बनुआत्या

अहमदनगर, ता. २९ मे १९४६

ति. बनुआत्या हिस,
कृपाचा सा. सलाम वि. वि.

आता बरी आहे. मूत्रपिंडाला सूज होती. लेडी डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतले, सल्फाच्या गोळ्या दिल्या. आणखी उशीर केला असतास तर, एवढे बोलून त्या थांबल्या.

रुजू होताच कार्यकारी मंडळाने बोलावले. चिटणीस म्हणाले, बाईंना हे काम झेपत नाही असे दिसते, तेव्हा विभाग तूर्त बंद ठेवू, पुढचे पुढे पाहू. असे बंद केलेले दार परत कोण उघडतो? मी उठून उभी राहिले. म्हणाले, काम मला झेपते. दुपारभर लघवी रोखणे झेपत नाही, ते तुम्हांलाही झेपणार नाही.

सगळी बैठक टेबलाकडे बघू लागली. अध्यक्ष म्हणजे म्हातारे वकील. त्यांनी घसा खाकरला. मला वाटले, संपले. ते म्हणाले, बाई खरे बोलल्या. या वयात मलाच घटकेघटकेला उठावे लागते, म्हणून मी भाषण लवकर आटोपतो, आणि तुम्ही मला मितभाषी समजता! आधी एक जण हसला, मग सगळेच. मागच्या अंगणात बायकांसाठी सोय बांधायची असा ठराव झाला.

तिथल्या कुलपाची किल्ली पुंजारामकडे ठेवू, असे चिटणीस म्हणाले. म्हणजे दर वेळी पुरुषाकडे मागायची! मी म्हटले, ती माझ्या टेबलाशी राहील. त्यांनी वाद घातला नाही.

अजून रात्री डोळा लागत नाही. आपलाच आवाज कानांत घुमतो. दादांना कळले असेल का गं?

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
कृपा

तिसगाव, ता. ६ जून १९४६

चि. कृपा हिस,
पोटभर आशीर्वाद.

बन्सीला मुलगी झाली. आई-लेक दोघी सुखरूप.

दादा येऊन गेला. नगरच्या कुणी तरी त्याच्या कानावर घातलंच. म्हणाला, माझ्या, प्रभुदास मास्तराच्या लेकीनं भरसभेत असलं बोलावं? मी म्हटलं, न बोलता मेली असती तर तुझी मान ताठ राहिली असती का? तो न जेवताच उठला. पण उंबऱ्याशी थांबला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, ती आता पाणी पिते का?

मी व्हय म्हणून सांगितलं. मला खोटं पाडू नकोस.
बनुआत्या

अहमदनगर, ता. २१ जुलै १९४६

ति. बनुआत्या हिस,
कृपाचा सा. सलाम वि. वि.

बांधकाम रखडेल या धास्तीने मी रोज विटा बघून येत होते. पण झाले एकदाचे. वर पत्रा, दाराला आतून कडी, बाहेरून कुलूप. खोलीत माठही ठेवला आहे. दादांना सांग, त्यातले पहिले भांडे मीच प्याले.

आता एक नवल ऐक. विभागात येणाऱ्या बायका पुस्तक बदलून उभ्या उभ्याच निघून जायच्या. त्यांना घरची घाई असते, बसून वाचायची आवड नसते, असे सगळे म्हणत, आणि मलाही तसेच वाटे. परवा एका टांगेवाल्याची बायको आली. तिने हळूच किल्ली मागितली. मागच्या अंगणातून परत आली, पदराने हात पुसले आणि बाकावर बसली. तिचे पाहून दुसरी बसली. काल तर बाक पुरेना, म्हणून मी माझी हातांची खुर्ची पुढे सरकवली. संध्याकाळ झाली, पुंजाराम दारे लावायला आला, तरी एकही मान वर होईना. त्यांना उठा म्हणायला माझी जीभ रेटेना. मग मीही कपाटातून एक पुस्तक काढले आणि त्यांच्यात जाऊन खाली सतरंजीवर बसले.

तू कधी येतेस? माया आहेच, आता पायांनाही थोडे कष्ट दे.
तुझी,
कृपा