देवी आणि चार गोळ्या

कोयनानगर, १४ नोव्हेंबर १९७६

अस्मादिकांच्या दवाखान्यात आज साक्षात जगदंबा अवतरली. कोवळी नवी सून. मान मागे वळलेली, नेत्र ऊर्ध्व, कपाळभर मळवट.

“आवं डाक्टर, अंगात आलंया. समदी पाया पडली,” सासू म्हणाली.

घाटातल्या प्रवासात हिला ओकारी नको म्हणून मी एकच गोळी लिहिली होती. ती जास्त झाली की मान नि डोळे असेच ताठरतात; हा त्याच गोळीचा अतिरेक. “किती दिल्या?”

“वळणं लय हुती. चार दिल्या.”

उताऱ्याचे इंजेक्शन दिले. घटकाभरात मान सरळ झाली.

“गेली व्हय देवी? मग ऊठ गं, भांडी पडल्यात!”

सुनेने मळवट पुसला. अस्मादिक धन्वंतरींना आनंद व्हावा, झाला नाही. चिठ्ठीत ‘एकच’ सुवाच्य अक्षरांत होते. त्या घरात वाचता कोणालाच येत नाही. तोंडाने सांगायचे राहिले.