पावणेचार

३ जून, सोमवार

कार्यालयाच्या भिंतीवरचं घड्याळ आज कैलासवासी झालं. मृत्यू नैसर्गिक नव्हे! चालू होतं, बरोबर होतं, इतक्या वर्षांत कुणाला उलटून बोललं नव्हतं — या इमारतीत आणखी कुणाबद्दल एवढं म्हणता येईल? तरी उतरवलं. कारण काय, तर नव्या मंडळींना काटे वाचता येत नाहीत. त्या जागी लाल आकड्यांची पट्टी लावली आहे. शोकसभा मी एकट्यानेच घेतली. दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिलो. म्हणजे अंदाजे दोन. मोजायला घड्याळच नव्हतं.

देह अडगळीत जाणार होता, तो आमच्याच वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला. बायको म्हणाली, "घरात एक होतं ते कमी होतं का टिकटिक करायला?" रोख माझ्याकडे असावा.

५ जून, बुधवार

नव्या तिघा बातमीदारांपैकी एक मुलगी माझ्या पदरात टाकली आहे. मी तिला आयुष्मती म्हणतो. संपादक म्हणाले, "शास्त्रीबुवा, महिनाअखेर तिच्यावर तुमचा शेरा द्या. ठेवायची की नाही ते त्यावरच ठरेल." म्हणजे तिची नोकरी माझ्या दोन ओळींवर. ओळी तयार आहेत, महिनाच संपायचा आहे.

वही नाही. पेन नाही. समोरचा माणूस बोलू लागला की फोन पुढे करायचा आणि आपण खिडकीबाहेर बघायचं! मग फोन ऐकतो, फोन लिहितो. आज त्याने 'मुख्य अभियंता' यांचं 'मूर्ख अभियंता' केलं. चूक म्हणवत नाही, पण छापताही येत नाही.

७ जून, शुक्रवार

न्यायालयातून कार्यालयात यायला पायी दहा मिनिटं. आयुष्मतीला पन्नास लागली. फोन बंद पडला होता.

"अगं, कुणाला तरी रस्ता विचारायचा!"

"अनोळखी माणसाला कसं विचारणार, सर?"

बातमीदार आहे ही!

१० जून, सोमवार

"पावणेतीनला निघू," म्हणालो. ती बघतच राहिली.

"सर, पावणे म्हणजे… पाहुणे?"

"हो. तीन पाहुणे येतायत. चहा टाक."

खरंच उठली! मग कागदी थाळीला टाचणीने दोन काटे लावून शाळा भरवली. सव्वा, साडे, पावणे. दीडला 'साडेएक' म्हणाली, अडीचला 'साडेदोन'. मी कपाळाला हात लावला, तोही तिने बहुधा टिपला असेल — कारण फोन चालूच होता. "पुन्हा ऐकता येतं ना, सर." पुन्हा ऐकण्याची सोय असली की पहिल्यांदा कोण ऐकतो?

पाठशाळेत आमच्याकडे असली सोय नव्हती. छडी होती. अजून रोज दाढी करताना 'देव' शब्द सातही विभक्तींत म्हणतो, एक ओळ चुकत नाही. डोक्यातलं डोक्यात आहे. चार्ज करावं लागत नाही.

१४ जून, शुक्रवार

सकाळी षष्ठीच्या द्विवचनाशी अडलो. खाली कुणाचा तरी फोन बोंबलत होता. या लोकांनी स्वतःची स्मरणशक्ती घालवली ती घालवली, आता दुसऱ्याचीही घालवणार.

संध्याकाळी घराची गल्ली मागे टाकून दोन चौक पुढे गेलो. रस्ते खणून ठेवतात, दुकानांच्या पाट्या बदलतात. माणसाने ओळखायचं कसं?

१८ जून, मंगळवार

संताप! संताप! पुलाला तडे गेल्याचा अहवाल आज अभियंत्यांच्या कचेरीत वाचला जाणार होता, पावणेचारला. मला दुसरं काम होतं म्हणून आयुष्मतीला पाठवलं. बाई पोचल्या सव्वाचारला! तोवर खुर्च्या उचलून झाल्या होत्या. उद्या सगळ्यांकडे बातमी असेल, आमच्याकडे पुलाचा जुना फोटो.

सगळ्यांसमोर बोललो. "पावणे आणि सव्वा यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने बातमीच्या वाटेला जाऊ नये. घड्याळ उतरवलं ते तुझ्यासारख्यांसाठी!" संपादकसुद्धा मान खाली घालून बसले. ती म्हणाली, "सर, मी…" फोन हातात घट्ट धरून उभी. शिक्षा झालेल्या मुलाने पाटी धरावी तशी. उत्तर असतं तर दिलं असतं!

२० जून, गुरुवार

शेरा लिहिला. 'वेळेचं ज्ञान नाही. स्मरण फोनकडे, दिशा फोनकडे, लेखन फोनकडे. नेमणूक फोनलाच द्यावी.' वाक्य जमलं आहे. लिफाफ्यात घालून खणात ठेवला. सोमवारी देईन.

२३ जून, रविवार

घरी आणलेलं घड्याळ बिघडलं. कितीही वेळ पाहिलं तरी किती वाजले ते कळेना. बायको म्हणते, बरोबर चालतंय.

२४ जून, सोमवार

लिफाफा खिशात घालून संपादकांकडे निघालो होतो. आयुष्मतीने जिन्यात अडवलं. "एक मिनिट, सर." आणि फोन माझ्या कानाला लावला.

आवाज माझाच. "पुलाचा अहवाल आहे, सव्वाचारला जा. सव्वाचार! लक्षात राहील, की तुझ्या फोनला सांगू?" आणि वर माझंच हसू.

"त्या दिवशी का नाही ऐकवलंस?"

"सगळ्यांसमोर कसं ऐकवणार, सर?"

आगाऊपणा बघा! मला सांभाळून घेते! मी म्हटलं, माणूस एकदा चुकतो. ती पायरीकडे बघत म्हणाली, "एकदा नाही, सर. न्यायालयातला तुमचा एक जुना किस्सा तुम्ही एका सकाळी तीनदा सांगितलात. तिन्ही वेळा नव्याने. आमच्या आजोबांचं असंच सुरू झालं होतं. डॉक्टरांना दाखवून या ना."

कालची पोर! साडेएक म्हणणारी! मला डॉक्टर दाखवते! "आधी पाढे पाठ कर, मग माझी काळजी कर," असं ओरडलो की जिन्यातले लोक थांबले.

लिफाफा मात्र दिला नाही. का, ते माहीत नाही. घरी येऊन बायकोला विचारलं, मी गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतो का गं? ती बराच वेळ भांडी पुसत राहिली.

२७ जून, गुरुवार

डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढून दिला. म्हणाले, याचं घड्याळ करा, आकडे घाला, काट्यांनी कुठलीही वेळ दाखवा. मी म्हटलं, पावणेचार दाखवतो. बारा आकडे अर्ध्या गोलातच संपले. हातात पेन धरून काटे शोधत बसलो.

शेरा फाडला. नवा एका शब्दाचा आहे : 'ठेवावी.' उद्या आयुष्मतीला सांगायचं आहे — मी बोलत असलो की फोन चालू ठेवत जा. इथे लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

विभक्ती गेल्या तर जाऊ देत. एखाद्या सकाळी बायको चहा घेऊन येईल आणि मी तिला विचारेन, आपण कोण? मला त्याची भीती वाटते.