आडनावाच्या रकान्यात बाबा

अंबत्तूर, मंगळवार संध्याकाळ

नको नको म्हणत होतो, तरी ऑफिसातल्या सेल्वीने जुने मित्र शोधायच्या त्या साइटवर माझं खातं उघडलंच. आडनावाच्या रकान्यात बाबांचं नाव टाकलं. इकडे तमिळ लोकांत तशीच पद्धत. झालो मी प्रशांत दिगंबर! म्हटलं बरंच झालं, गावाकडचं कुणी शोधत येणार नाही.

आत्ता पाहतो तर निरोप आलेला: ‘दिगंबर गुरुजींचा प्रशांत का रे तू? मला गणित त्यांनीच शिकवलं.’ फोटोच्या जागी नुसतं गुलाबाचं फूल. कोण असेल?

लपणं फसलंच, म्हणून तो रकाना उद्या दुरुस्त करणार होतो. पण बाबा गेल्यापासून त्यांच्यावरून मला कुणी ओळखलंच नव्हतं. राहू दे तसाच. फुलाला मात्र विचारलंय, वर्गात बाबा हसायचे का? घरी तर कधी नाही.