रंगरावांची दोरी

१ ऑक्टोबर १९७८, रविवार

घाटावर नोटीस! सकाळी होडी सोडायला गेलो तर पिंपळाच्या खोडाला चिकटवलेली. हौशी मासेमारीसाठी भाड्याने होडी चालवणाऱ्यांना कळवण्यात येते की – माणशी तीनच मासे. फुटाच्या आतला मासा परत पाण्यात. आषाढ-श्रावण पूर्ण बंद. आणि प्रत्येक फेरीची चिठ्ठी भरायची – गळ किती, मासे किती – महिन्याच्या महिन्याला मत्स्यखात्याच्या कचेरीत. नाही भरली तर परवाना रद्द.

डोकं सणकलं. हर्णैला आमचे आजोबा जन्मभर समुद्रावर गेले, त्यांना कुणी चिठ्ठी मागितली नाही. इथे पिंपळे गुरवच्या नदीत उण्यापुऱ्या तीन होड्या. रविवारी पिंपरीच्या कंपन्यांतले साहेबलोक टोपी घालून दोन तास गळ टाकून बसतात, तेवढीच काय ती मासेमारी. त्यालाही कायदा!

८ ऑक्टोबर, रविवार

अर्जुनरावांच्या ओट्यावर आम्ही तिघे होडीवाले बसलो. ते, मी आणि रंगराव. अर्जुनरावांची शेती आहे, माझी कंपनीत नोकरी – होडी आमची रविवारची. रंगरावांचं मात्र सगळं पोट होडीवर. साठी उलटली, दुसरं काही येत नाही.

अर्जुनराव पेटलेच. ‘साहेब मासा धरून फोटू काढत्यात, बायकूला दावत्यात, तवर त्यो मरतुया. मग मेलेला मासा फुटाच्या आत हाय म्हून पाण्यात टाकायचा? कुनाच्या भल्याला?’

रंगराव शांत. ‘आषाढाचं बरुबर हाय. पोटुशी मासळी माजा बा बी धरत नव्हता. सरकारला उशिरा सुचलं, येवढंच.’

चिठ्ठीवर तोडगा मी काढला. दोन वर्षांत कंपनीने एवढं शिकवलं आहे – पाळीला शंभर नग निघत असले तरी ऐंशीच दाखवायचे. शंभर दाखवले की पुढच्या महिन्यापासून शंभराचाच कोटा, वर आणखी वीस मागतात. तसंच इथे. मासे जास्त दाखवले की म्हणतील, लूट चालली आहे, घाला आणखी नियम! म्हणून कमी लिहायचे. अर्जुनरावांनी पाठीवर थाप मारली. ‘शिकलेलं डोस्कं!’

रंगराव उठलेच. ‘मासळीचा आकडा खोटा सांगनार न्हाई. माज्यानं व्हनार न्हाई.’

आता आली का पंचाईत? दोन होड्यांना दोन-दोन मासे आणि तिसरीला दहा, मग चोरी उघडीच पडणार!

१५ ऑक्टोबर, रविवार

रंगरावांना लिहिता येत नाही. चिठ्ठी मलाच भरायला सांगितली.

त्यांची मोजायची रीत निराळी. कमरेला जुन्या जाळ्याची दोरी. होडीत मासा आला की एक गाठ, दिवस सरला की बोटभर जागा सोडून पुढे. संध्याकाळी घाटाच्या पायरीवर बसून गाठींवरून अंगठा फिरवत म्हणाले, ‘नऊ. धावा बी व्हता, पर त्यो ल्हान निघाला, सोडला.’

मी दोन लिहिले.

‘नीट ल्हिवलं न्हवं?’

‘हो.’

त्यांनी अंगठा उठवला. मी चिठ्ठीची घडी करून खिशात टाकली.

१६ ऑक्टोबर

जेवण गेलं नाही. बायको, नीलिमा, म्हणते पित्त झालंय.

५ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीच्या सुट्टीमुळे घाटावर गर्दी. माझ्या होडीत आठ, लिहिले एक. रंगरावांचे सात, लिहिले एक. सवय होते माणसाला.

परत निघालो तेव्हा सोजराबाईंनी – रंगरावांच्या बायकोने – कालवणाची कासंडी आणून दिली. ‘आमच्या कागदाचं बघतुयास, तुजं लई उपकार.’ घरी येऊन नीलिमाला म्हटलं, तूच खा.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

सदाशिवला आज काढून टाकलं. इन्स्पेक्शनमध्ये माझ्या शेजारचं टेबल. शाफ्ट न मोजता ‘ठीक’ म्हणून सही केली होती. साहेबांनी सगळ्यांना उभं करून ऐकवलं – ज्याची सही खोटी तो माणूस खोटा, असा माणूस मला खात्यात नको.

दिवसभर मायक्रोमीटरने प्रत्येक शाफ्ट दोनदा मोजला. नोकरीत कायम होण्याची माझी ऑर्डर फेब्रुवारीत आहे. आणि माझ्या हातच्या पंधरा-वीस खोट्या चिठ्ठ्या सरकारच्या फायलीत!

१० डिसेंबर, रविवार

रंगरावांच्या होडीत आज अकरा मासे. त्यातला एक रोहू लहान पोराएवढा! म्हातारा एवढा खूश की होडी बांधायचीच विसरला. ‘ल्हिव प्रभाकर, ल्हिव. कळू दे सायबाला, आमची नदी कशी हाय ती.’

तीन लिहिले. एक जास्त लिहिला. काय मोठा धर्मात्मा मी!

५ जानेवारी १९७९, शुक्रवार

कचेरीचं पत्र. तिघांच्या नावाने, पण माझ्या पत्त्यावर. जसंच्या तसं उतरवतो –

‘तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या पाहता सदर पाण्यातील मासळी संपुष्टात आल्याचे दिसून येते. सबब हौशी मासेमारी व त्यासाठी होड्या नेणे तीन वर्षे संपूर्ण बंद करण्यात येत आहे. हरकत असल्यास ता. १८ रोजी शाळेत सुनावणी.’

चार वेळा वाचलं. कोटा वाढेल म्हणून भ्यालो, आणि कारखानाच बंद पडला! कमी मासे पाहून कुणी म्हणेल की मासेच नाहीत, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात एकदाही आलं नाही. मूर्ख. मूर्ख!

७ जानेवारी, रविवार

होड्या घाटावर पालथ्या.

रंगराव घरी आले. नीलिमाने चहा दिला, त्यांनी घेतला नाही. ‘मासळी संपली म्हनत्यात? आरं, मी तर समदं खरं सांगितलं हुतं. तुजं अन् अर्जुनाचं कमी असंल, पर माजं? माजी दोरी हाय की! सुनावणीला दोरी घिऊन जातो. गाठी मोजू दे त्यांना, अन् चिठ्ठ्यांशी ताडून बघू दे.’

मी म्हणालो, ‘बरं.’

त्यांनी गाठी मोजल्या की कचेरी विचारणार, चिठ्ठ्या कुणाच्या हाताच्या? मग कंपनी. मग सदाशिवचं टेबल आणि माझं टेबल.

१३ जानेवारी

नीलिमाला सांगायला तोंड उघडलं. तिने तिळगुळाचं सामान विचारलं. तेच सांगितलं.

सुनावणीच्या आधी रंगरावांना सगळं सांगावं, पाय धरावे. घाटापर्यंत जाऊन परत आलो. दोनदा.

१८ जानेवारी, गुरुवार

अर्धी रजा टाकून शाळेत गेलो. कचेरीतले साहेब चौथीच्या वर्गात मास्तरांच्या खुर्चीवर, आम्ही बाकांवर. साहेबांनी एकेक होडीचा आकडा मोठ्याने वाचला. ‘रंगराव. तीन महिने. एकोणीस मासे.’

मी जमिनीकडे बघत होतो. आता उठणार, आता दोरी काढणार.

‘यात काही चूक आहे का, रंगराव? तुमच्याकडे दुसरा काही पुरावा?’

त्यांचं बाक करकरलं. मग आवाज आला – ‘न्हाई, सायेब.’

संपलं. हुकूम कायम. म्हातारा साहेबांना पाहून घाबरला असणार, नाहीतर दोरी घरी विसरला. बाहेर पडलो तेव्हा एवढं हलकं वाटलं की स्वतःची शिसारी आली. रंगराव माझी वाट न बघता पुढे निघून गेले.

२८ जानेवारी, रविवार

अर्जुनराव म्हणाले, रंगरावांनी होडी विकायला काढली आहे. स्वतः कुरुळीकडे वीटभट्टीवर गेले. या वयात विटा!

९ फेब्रुवारी, शुक्रवार

कायम झालो! ऑर्डर हातात. साहेब म्हणाले, ‘तुमची सही असली की आम्हाला परत तपासायला नको.’ नीलिमाने शेजारीपाजारी पेढे वाटले. घाटाकडच्या घरांतही देऊन आली. मी एकही खाल्ला नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सोजराबाई दारात. आत या म्हटलं, आल्या नाहीत. पदरातून दोरी काढून माझ्या हातात दिली.

‘त्यांनी दिलीया. सुनावणीच्या दिशी बी कमरंलाच हुती. एकोणीस ऐकलं अन् त्यांना समदं कळलं. मी भांडले – मग काढली का न्हाई? तर म्हनले, पोराची नोकरी कच्ची हाय. काल तुमच्या पेढ्याचं कळवलं, तवा ही दोरी धाडली. म्हनले, आता पक्की झाली न्हवं? आता प्रभाकरला काय करायचं त्ये त्यो करंल.’

सत्त्याण्णव गाठी. दोनदा मोजल्या. उद्याच्या रजेचा अर्ज लिहिला – दोरी घेऊन कचेरीत जायला.