आमची पिचर आणि साहेबांचा चहा

रेणापूर, रविवार

तीर्थस्वरूप वीरण्णा दाजी यांना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे रामलिंगचा, वाकून शरणार्थ.

रुद्राणीअक्काला बीपीची गोळी बंद करू देऊ नका (तिला बरं वाटलं की ती बंद करते, मग आपल्याला बरं वाटेनासं होतं). तुमचा गुडघा कसा आहे? रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाचे आधी गुडघेच संपावर जातात, असं दिसतं. इकडं सगळं ठीक. म्हणजे मी सोडून सगळं ठीक.

तुम्ही दर दिवाळीला विचारता, की कॉलेजात नेमकं काय शिकवतोस. दाजी, मी मुलींना बेसबॉल शिकवतो. तुम्हालाच कळलं नाही असं नाही. आमच्या प्राचार्यांनी स्नेहसंमेलनात माझी ओळख 'बास्केटबॉलचे सर' अशी करून दिली आणि टाळ्याही पडल्या. अर्ध्या मैदानावर संस्थेनं लग्नासाठी लॉन केलंय. उरलेल्या अर्ध्यात खताच्या पोत्यांत वाळू भरून आम्ही बेस, म्हणजे धावून गाठायचे थांबे, मांडतो, आणि त्यातल्या दुसऱ्यावर वऱ्हाडी मंडळी बसून पान खातात. उठा म्हटलं तर विचारतात, मुलीकडचे का मुलाकडचे? सकाळी सरावाआधी आम्ही पत्रावळ्या गोळा करतो. त्याला मी वॉर्म-अप म्हणतो.

माझं या खेळावर एक तत्त्वज्ञान आहे (अक्काला माहीत आहे, म्हणूनच ती माझा फोन पोरांकडं देते). बेसबॉलमध्ये दहापैकी सात वेळा हुकणारा बॅटरसुद्धा मोठा खेळाडू मानतात. सात वेळा मान खाली घालून परत यायचं आणि आठव्या वेळी पुन्हा तितक्याच उमेदीनं उभं राहायचं, हे आमच्या पोरींना आलं तर डिग्रीची काय गरज, असं मी दर वर्षी सांगतो. गणिताचे सर म्हणाले, म्हणजे तुमचा निकाल तीस टक्के, हे तपासणी समितीसमोर बोलू नका. आणि आमची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, लुंबिनी, जी सहसा तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "सर, हुकायची सवय आम्हाला घरूनच हाय. ते तीन कधी येत्यात तेवढं सांगा." सगळ्या हसल्या. मी पण हसलो.

ही लुंबिनी जवळच्याच वाडीवरची. वडील गवंड्याच्या हाताखाली जातात. पोरीचा हात असा, की तिनं टाकलेला बॉल समोर बॅट घेऊन उभ्या पोरीला मागच्या पोरीच्या मिटमध्ये, म्हणजे जाड हातमोज्यात, आवाज झाल्यावरच कळतो. यंदा लातूरला आंतरमहाविद्यालयीन फायनल झाली. आदल्या दिवशी प्राचार्यांचा निरोप आला, की पिचिंगला तनुजाला उभं करा. तनुजा ही आमच्या संस्थेच्या सचिवसाहेबांची पुतणी. पोरगी स्वभावानं चांगली, पण तिला बॉलची भीती वाटते. हे तिनं मला स्वतः सांगितलं, रडत. "सर, काकांना तुम्हीच सांगा ना. माझं न्हाई ऐकत." मी तिला लांब उजव्या फील्डात उभं केलं. तिथंही एक बॉल आलाच, आणि तनुजानं दारात आलेल्या पाहुण्याला द्यावी तशी त्याला बाजूला सरून वाट दिली. पिचिंग मी लुंबिनीलाच दिली आणि आम्ही जिंकलो. मी त्या दिवशी लातूरच्या बसस्टँडवर सगळ्या टीमला भजी खाऊ घातली आणि स्वतःला फार मोठा माणूस समजलो.

पुढं विद्यापीठाच्या संघासाठी तुमच्या नांदेडला होणाऱ्या निवड शिबिराला प्रत्येक कॉलेजातून एकच नाव जायचं होतं. मी लुंबिनीचं दिलं. गेलं तनुजाचं. मी तडक सचिवसाहेबांच्या बंगल्यावर. वाटेत काय काय बोलायचं ते मोटारसायकलवर मोठ्यानं बोलून घेतलं (लोक बघत होते). साहेबांनी बसवलं, तुमची चौकशी केली, चहा मागवला आणि म्हणाले, "सर, पोरगी गुणी हाय, आम्ही कुठं न्हाई म्हणलो? पण तिला स्कॉलरशिप मिळती, उद्या नोकरीत राखीव जागा हाय. सगळं त्यांनाच द्यायचं तर आमच्या पोरींनी काय करायचं?" दाजी, वाटेत तयार केलेल्या भाषणातला एक शब्द मला आठवला नाही. चहा चांगला होता. मी तो संपवला.

दुसऱ्या दिवशी लुंबिनीला बोलावून सगळं सांगितलं. साहेब कसे आहेत, व्यवस्था कशी सडली आहे, मी कसा एकटा लढून राहिलोय. तिनं विचारलं, "सर, तिथं चहा पिला का?" मी म्हटलं, हाव, पिलो. "मंग झालं," म्हणाली. कॉलेजचा ग्लोव्ह टेबलावर ठेवला आणि गेली. त्यानंतर मैदानावर आलेली नाही. तुम्हीच सांगा, ज्या पोरीसाठी एवढं केलं तिनं असं बोलावं? आजकाल उपकाराची जाण कुणाला राहिलेली नाही. मला आता लॉनवरच्या लग्नांच्या पार्किंगचा प्रमुख केलंय. शिट्टी गळ्यात असतेच. राजीनामा लिहून खिशात ठेवलाय.

घरातल्या थोरांच्या पायाशी आणि लहानांच्या डोक्यावर माझा हात आहे असं समजावं.

आपला,
रामलिंग

ता.क. राजीनाम्याचं मनावर घेऊ नका. मीही घेतलेलं नाही.

ता.क. दुसरा. खरं काम राहिलंच. नांदेडच्या शिबिराच्या प्रशिक्षक पुनम मॅडम लातूरची फायनल बघायला आल्या होत्या. त्यांचा फोन आला. म्हणाल्या, शेवटची निवड चाचणी सगळ्यांना खुली आहे. लुंबिनीला पाठवा, मी महिनाभर सराव करून घेते. पण यादीत नाव नाही म्हणून राहायची सोय नाही. लुंबिनी यायला तयार आहे (हे तिनं मला नाही, तिच्या आईनं सांगितलं). तुमचा हरिओम पुण्याला गेल्यापासून तुमची माडीवरची खोली रिकामीच आहे. ती तिथं राहील आणि जेवण तुमच्यातच, सगळ्यांच्या पंगतीत.

ता.क. तिसरा. फोन न करता पत्र लिहिलं, कारण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि शेजारी तुमच्या मातोश्री, कमलम्मा मावशी, बसलेल्या असतात. त्या पोरीचं नाव विचारतील. नाव कळल्यावर पुढचं काही विचारायची त्यांना गरज पडणार नाही. अक्का म्हणेल, महिनाभर दुसरं काहीतरी नाव सांगू. तसं करायचं नाही. मागं माझा मित्र नागसेन माझ्यासोबत तुमच्याकडं आला होता, तेव्हा मावशींनी त्याच्यासाठी कप वेगळा काढला आणि आपण तिघांनी टीव्हीचा आवाज वाढवला. जमणार नसेल तर ते मला कळवू नका, दाजी. पाकिटाच्या मागं लुंबिनीचा नंबर लिहिलाय. तिलाच फोन लावा आणि कारण तुमच्या तोंडानं सांगा.