पडद्यामागची बाई

लातूर, १८ जानेवारी २०२४

ती. अमृतमामांस, भाचा भारतचा शि. सा. नमस्कार.

फोनवर भांडण होईल म्हणून लिहायलोय. नांदेडच्या आमच्या कार्यक्रमावर तुम्ही पेपरात लिहिलेलं वाचलं. म्हणे, पोरं नुसती बटणं दाबतात, सगळं यंत्रात आधीच भरलेलं. जिवंत गाणं एकच, पडद्यामागच्या बाईचं, आणि तिचंच नाव फलकावर नाही! अहो मामा, सगळं उलटं केलंत. माझा जोडीदार अमान आणि मी दीड तास पॅडवर हातानं वाजवत होतो, बोटं सुजली. आधी भरलेला होता तो बाईचाच आवाज. पडद्यामागं कुणी नव्हतं. ती आई होती. जायच्या आधल्या वर्षी जात्यावर डाळ भरडताना मी मोबाईलवर घेतलेली.

सख्ख्या बहिणीचा आवाज ओळखला न्हाई? कंधारच्या भजन स्पर्धेत परीक्षक होऊन तुम्हीच तिला चारचौघांत कच्च्या आवाजाची ठरवलंत. त्यानंतर ती जात्याशिवाय कुठं गायली नाही. आता ११ फेब्रुवारीला लातूरला कार्यक्रम आहे. अमान म्हणतो, आईचा आवाज काढून टाकू. काय करू ते कळवा.

मामींना नमस्कार. राग लई आलाय, पण माया तशीच आहे.

तुमचा भारत

नांदेड, २४ जानेवारी २०२४

चि. भारत यास अनेक आशीर्वाद.

पोरा, आवाज पहिल्याच ओवीला ओळखला. तुझ्या आईला, सिंधूला, खांदा दिलाय मी, मला काय ठाऊक नाही? तरी लिहिलं. चाळीस वर्षांची खोड, ओव्या बोटांवर मोजतो. पाच झाल्या. पाचवीत माझं नाव होतं. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे, जात्यात शेवटची मूठ टाकताना ओवी भावाची. ती ताल सोडून, उशिरा, कापऱ्या आवाजात आली. भरून ठेवलेलं गाणं असं चुकत नसतं.

आणि कंधारचं म्हणशील तर, ती त्या दिवशी सगळ्यांत चांगली गायली होती. बहिणीला झुकतं माप दिलं असं लोक म्हणतील म्हणून मी गुण कापले. भ्यालो रे. हे तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. आता कुणाला सांगू? आवाज काढू नको. मी येतो लातूरला.

अमानला आशीर्वाद. म्हाताऱ्यावर डूख धरू नको.

मामा

लातूर, १२ फेब्रुवारी २०२४

ती. मामांस सा. नमस्कार.

तुमचं पत्र आल्यावर आईचं ते गाणं दहादा ऐकलं. ओव्या चारच आहेत. भावाची तिनं गायलीच नव्हती. मी तेव्हा विचारलं होतं, तर म्हणाली होती, ती आता गळ्यात येत न्हाई. पत्र अमानला दाखवलं. वाटलं हसेल, पण तो हसला न्हाई.

काल आवाज ठेवला. चौथी ओवी झाल्यावर अमाननं रेकॉर्डिंग बंद केलं आणि आम्ही पाचवीपुरती जागा मोकळी सोडली, नुसता ठोका चालू. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची रिकामी होती. ताप आल्याचं मामींनी कळवलं. खरंच असेल. पण मला वाटतं, तुम्ही पुन्हा भ्यालात.

ओवी आली नाही. इथल्या पेपरानं आज लिहिलंय, पोरं मध्येच विसरली, कार्यक्रम अडला. लिहू द्या. त्यांना काय ऐकू आलं नसंल. मला आणि अमानला आलं. स्पीकरमधून एक श्वास आला, गाणारी बाई ओवी धरायच्या आधी घेते तसा. मंचावर एकही माईक नव्हता, मामा.

होळीनंतर पुन्हा नांदेडला वाजवणार आहोत. ताप असो, काहीही असो, पुढच्या खुर्चीवर येऊन बसा आणि कंधारचं जे मला लिहिलंत ते तिला सांगा. ती श्वास घेऊन थांबलीय.

जीव लावता तसाच लावा, आणि या.

भारत